देवीला परत करायला नेलेले टाक

हा अनुभव कुणा मोठ्या भाविकाचा नाही, हे आधीच सांगून टाकतो. त्या दिवसांत मी देवीवर भयंकर चिडलो होतो आणि ते लपवायची मला गरजही वाटत नव्हती. माझी बायको सुनीता चार दिवसांच्या तापात गेली. डेंग्यू. नवरात्रात नऊ दिवस अनवाणी चालणारी, घरच्या देवांना नैवेद्य दाखवल्याशिवाय तोंडात घास न घालणारी बाई. तिलाच नेलंस? मग कशाला ते सोवळं आणि कशाला ते उपास? तेरावं झाल्यावर मी देवघराचं दार लावलं ते आठ महिने उघडलंच नाही.

आमच्या देवघरात पाच टाक आहेत, म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेले आमच्या कुळाचे देव. मधला कुलदेवीचा. पणजोबांपासून चालत आलेले. परळची खोली सोडून आम्ही मीरा रोडला शांती नगरात आलो, तेव्हा सुनीताने ते टेम्पोत सामानाबरोबर ठेवू दिले नव्हते, मांडीवर घेऊन बसली होती. आमच्यात दर काही वर्षांनी टाक कुलदेवीच्या गडावर न्यायचे, तिच्या पायांना लावायचे आणि घरी आणायचे अशी रीत आहे. मी ठरवलं, न्यायचे, पण आणायचे नाहीत. तुझे देव तू सांभाळ. गडावरच्या गुरवांना तसं फोनवर सांगूनही टाकलं. शेजारच्या हंसाबेनच्या हे कानावर गेलं, तर त्या दारात येऊन म्हणाल्या, "अंकल, भगवान कोई दुकान से लाये थे क्या, जो वापस करने जा रहे हो?" मी त्यांच्या तोंडावर दार आपटलं. आता त्याची लाज वाटते, तेव्हा नाही वाटली.

मुलगी प्राजक्ता ठाण्याला असते. बाबा एकटे निघालेत म्हटल्यावर तिने त्याची सहलच करून टाकली. शनिवारी एका जुन्या संस्थानिकाच्या, आता हॉटेल झालेल्या राजवाड्यात मुक्काम, रविवारी गड आणि देऊळ, मग घर. म्हणाली, तेवढाच हवापालट. घोडबंदर रोडला लागल्यापासून मी जो तोंडाला कुलूप लावून बसलो तो थेट वाड्याच्या दारापर्यंत. तिथे फेटेवाल्यांनी आम्हाला काय ओवाळलं, गुलाबाचं सरबत काय दिलं, कुठल्याशा महाराजांच्या शिकारीचे फोटो काय दाखवले! माझा नुसता जळफळाट होत होता. सुनीताला असल्या वाड्यांची भारी हौस. टीव्हीवर दिसला की म्हणायची, एकदा जाऊ या हो. मी म्हणायचो, रिटायर झाल्यावर बघू. झालो रिटायर. खरा राग इथे होता, पण तो स्वतःवर काढायची माझी हिंमत नव्हती, म्हणून मी देवीला धरलं होतं.

रविवारी सकाळी गड चढायला लागलो. पिशवीत सुनीताच्या संचातले दोन सारखे स्टीलचे डबे होते. एकात लाल खणात गुंडाळलेले टाक, दुसऱ्यात प्राजक्ताने घरून आणलेल्या नैवेद्याच्या पुरणपोळ्या. गडाच्या दरवाजाशी पोचेपर्यंत माझे गुडघे बोलायला लागले होते आणि डोकं तापलं होतं. तेवढ्यात प्राजक्ता सहज म्हणाली, "बाबा, नैवेद्य तुम्हीच दाखवा हं. आई दाखवायची तसा." झालं, माझा भडका उडाला. तिथल्या तिथे पिशवीत हात घातला, डबा काढला आणि दरवाजाशी हार विकत बसलेल्या म्हातारीच्या हातात कोंबला. म्हटलं, आजी, हे तुम्हीच खा, तुमच्या तरी पोटात जाईल, ती दगडाची बाई काय खाणार आहे! प्राजक्ता खाली मान घालून पुढे चालायला लागली.

देवळात फारशी गर्दी नव्हती. गुरवांनी टाक घ्यायला हात पुढे केला. मी मोठ्या तोऱ्यात डब्याचं झाकण उघडलं, आणि आत पुरणपोळ्या! रागाच्या भरात कुठला डबा दिला ते बघितलंच नव्हतं.

ज्या देवांना कायमचं सोडायला आलो होतो, त्यांच्यासाठी मी चौसष्टाव्या वर्षी, अनवाणी, तो गड धावत उतरलो. दरवाजाशी म्हातारीची जागा रिकामी. टोपलीसुद्धा नाही. मग माझा तोलच सुटला. भर उन्हात उभा राहून मी देवीला मोठमोठ्याने बोललो. बायको नेलीस, आता तिने जपलेलं होतं तेही नेलंस, झालं का समाधान तुझं? येणारेजाणारे थांबून बघायला लागले. एका बाईने तर आपल्या मुलांना बाजूला ओढलं.

"हिकडं या सावलीला," मागून कुणीतरी म्हणालं.

दरवाजाच्या आतल्या अंगाला पूर्वीच्या पहारेकऱ्यांची देवडी होती, तिथे ती म्हातारी बसली होती. हार संपले म्हणून घरी निघाली होती. निघण्यापूर्वी दोन घास खावेत म्हणून डबा उघडला, तर आत देव, म्हणून थांबली. तिने आपल्या प्यायच्या पाण्याने पाचही टाक धुतले होते, पदराने पुसले होते आणि लाल खणावर ओळीने मांडले होते. पुढे तिची स्वतःची भाकरी ठेवली होती. ती जेवली नव्हती.

"म्या म्हनलं, रागात दिलंय, मानूस येनार म्हागारी," ती म्हणाली. मग मधला टाक अंगठ्याने चोळत तिने विचारलं, "लई काळं पडल्यात ओ. किती दीस न्हाऊ घातलं न्हाय?"

आठ महिने, मी म्हणालो.

"घरधनीन गेली व्हय?"

स्मशानात मी रडलो नव्हतो, दिवसकार्यात रडलो नव्हतो. तिथे, त्या दगडी देवडीत, एका अनोळखी बाईसमोर ओक्साबोक्शी रडलो. तिने माझी समजूत घातली नाही की देवीची थोरवी सांगितली नाही. माझं रडणं आवरल्यावर एवढंच म्हणाली, "भांडाया तरी घरात कुनी ऱ्हाऊ द्या."

प्राजक्ता पुरणपोळ्यांचा डबा घेऊन धापा टाकत खाली आली. त्या टाकांपुढे मी स्वतः पोळ्या ठेवल्या, भोवती पाणी फिरवलं. मग आम्ही तिघांनी तिथेच बसून खाल्लं. म्हातारीची भाकरीही वाटून घेतली. नंतर टाक छातीशी धरून मी पुन्हा गड चढलो. गुरवांनी एकेक टाक देवीच्या पायांना लावला आणि विचारलं, ठेवून जाणार होता ना?

"नाही," मी म्हणालो, "घरी न्यायचेत." प्राजक्ताने माझा दंड घट्ट धरला.

ती म्हातारी कोण, हे मी शोधत बसलो नाही. ती हार विकणारी बाई होती आणि माझ्या देवांना घास दाखवून मगच जेवणार होती, मला तेवढं पुरतं. रोज तिची आठवण काढून हात जोडतो.

माझा राग गेला का? छे. शरण जायचं म्हणजे आधी मन शांत हवं, असं मी समजत होतो. माझं मन काही शांत होत नाही. पण आता तणतणायचं ते देवघराचं दार उघडून, देवीसमोर बसून. अंघोळ घालता घालता तिला रोज विचारतो, सुनीतालाच का? ती उत्तर देत नाही. मीही विचारायचं सोडत नाही, आणि तिला पुसून जागेवर ठेवताना हात आपोआप हळू होतो.