आपलं आपण वाचायचं नाही

आमच्या साहित्य मंडळाचा एकच कडक नियम होता, आणि तो करणाऱ्यांना स्वतःच्या हुशारीचं भारी कौतुक होतं. आपलं लिखाण आपण वाचायचं नाही. लष्कर या आमच्या संस्थानी शहरात, टोपी बाजारातल्या एका दुकानाच्या माडीवर रविवारी दुपारी मंडळ भरायचं. ज्याला काही ऐकवायचं असेल त्यानं ते अक्षर ओळखू येणार नाही असं सुटं सुटं लिहून बैठकीच्या लोडाखाली सरकवायचं. वाचणारा दुसराच. वाचून झालं की कागद पुन्हा लोडाखाली, आणि ज्याचा त्यानं तो गुपचूप न्यायचा. कुणी लिहिलं ते विचारायचं नाही, सांगायचं नाही.

नियमाला कारणही तसंच झालं होतं. मंडळात एक सरदार यायचे. त्यांनी कविता म्हणायला तोंड उघडलं की पहिल्या ओळीआधीच वाहवा सुरू व्हायची, आणि एखाद्या कारकुनाची चांगली कविता जांभयांत बुडून जायची. नियम आला आणि त्याच सरदारांच्या कवितेला लोक त्यांच्या तोंडावर भिकार म्हणू लागले. ते बिचारे सगळ्यांबरोबर मान डोलवायचे. कविता त्यांचीच, हे आम्ही ढंगावरून ओळखायचो; आमची हसून मुरकुंडी वळायची.

आम्ही म्हणजे बायका. आम्ही चिकाच्या, म्हणजे बांबूच्या कामट्यांच्या, पडद्याआड बसायचो. पुरुषांच्या आधी येऊन जाजम अंथरायचं, लोड मांडायचे, चहा करायचा आणि ऐकायचं. आमच्यातलं कुणी लिहीत असेल, हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

वाचायचं काम बहुधा ह्यांच्याकडे यायचं. हे सरकारी शाळेत मास्तर होते. आवाज असा की पंचांग वाचलं तरी ऐकत राहावं. मला त्या आवाजाचा अभिमान होता, आणि तो मी लपवतही नसे. त्या हिवाळ्यापासून मात्र हे मोठ्यानं वाचू लागले की मी आधी दाराकडे बघू लागले.

त्या हिवाळ्यातल्या एका रविवारी लोडाखालून एक गोष्ट निघाली. कुठल्याशा जहागिरीतल्या शिकारीची. गावातली माणसं वेठीनं हाक्याला, रान उठवायला, धरून आणलेली. जखमी वाघ त्यातल्या एकावर उलटतो. साहेबांचा वाघाबरोबर फोटो व्हायचा असतो, म्हणून मेलेल्या माणसाला मुदपाकखान्यामागे पोत्याखाली झाकून ठेवतात. त्याची बायको बाहेर उभी असते, आणि तिला सांगतात, थांब, जेवण चाललंय. ह्यांनी ती गोष्ट अशी वाचली की संपल्यावर कपबशीचा आवाजसुद्धा झाला नाही.

माझ्या शेजारी मंडळातल्या एका कारकुनाची विधवा भावजय बसली होती. पंचविशीची, दिराच्या आश्रयानं राहणारी. तिचा नवरा एका जहागीरदाराकडे नोकरीला होता. वाचन चाललेलं असताना माझं सहज तिच्याकडे लक्ष गेलं. तिचे ओठ हलत होते, ह्यांच्या तोंडून शब्द बाहेर पडण्याच्या जरासे आधी. मी चटकन मान वळवली.

तेवढ्यात चिकातून मला आणखी एक गोष्ट दिसली. दाराशी, जोड्यांजवळ, एक अनोळखी गृहस्थ बसला होता. काळा कोट, हात गुडघ्यांवर. तो कुठेही वाहवा म्हणाला नाही, हळहळला नाही. मंडळ सुटल्यावर चौकशी झाली तेव्हा कळलं की त्याला कुणीच आणलं नव्हतं. प्रत्येकाला वाटलं होतं, दुसऱ्यानं आणला असेल.

दोन दिवसांनी हेडमास्तर ह्यांना म्हणाले, "तुमच्या आवाजाची फार तारीफ ऐकली." एवढंच. आमच्या समोरच्या पानवाल्याकडे एक माणूस सकाळपासून उभा राहू लागला. पान काही खात नव्हता. भाजी घ्यायला बाहेर पडले तर ओळखीच्या बायका दुसऱ्या बाजूनं जायच्या. पुढच्या रविवारी माडीवर जोडे कमी होते, त्याच्या पुढच्या रविवारी त्याहून कमी. सरदारांना अचानक सर्दी झाली आणि ती बरी होईना. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात; पण आमच्या पाठी खरोखरच कुणीतरी होतं.

मग ह्यांना संस्थानच्या कचेरीत बोलावणं आलं. तिथला अधिकारी गोड बोलला म्हणे. "मास्टर साहब, नाम बता दीजिए, बात ख़त्म." ह्यांनी मंडळाचा नियम समजावून सांगितला. तो हसला. आपण काय वाचतोय, कुणाचं वाचतोय हे ठाऊक नसताना शहाणा माणूस भर बैठकीत वाचतो, यावर कोण विश्वास ठेवणार? कागद कुठेच नव्हता, लिहिणारा नव्हता. होता तो फक्त ह्यांचा आवाज. उद्यापर्यंत नाव सांगा, नाहीतर नोकरी जाईल आणि राज्याबाहेर जावं लागेल, असं सांगून त्यानं ह्यांना सोडलं.

घरी येऊन ह्यांनी हे सगळं सांगितलं. मी म्हणाले, "मला माहीत आहे कुणी लिहिलंय."

हे ताडकन उठले. "सांगू नकोस. मला खोटं बोलता येत नाही, तुला माहीत आहे. ठाऊक नसलेलं मात्र माझ्याकडून कुणी काढू शकणार नाही."

मला संताप आला. नियमावर, मंडळावर, त्या बाईवर आणि सगळ्यांत जास्त ह्यांच्यावर. दोन लहान मुलं घरात, आणि हा माणूस जिभेच्या टोकाशी आलेली सुटका नको म्हणतो! दुसऱ्या दिवशी हे कचेरीत गेले तेव्हा मी दार लावून एकटीच बसले होते. मागच्या दारानं ती विधवा भावजय आली. चेहरा पांढराफटक.

"बाई, मी जाऊन बोलून देते. मीच लिहिलं म्हणून."

मनात आलं, जा. खरंच आलं. पण तोंडून निघालं ते दुसरंच. "कोण मानेल? म्हणतील, मास्तर बाईच्या पदराआड लपला. ह्यांची नोकरी जायची ती जाईलच, आणि तुझे दीर तुला उभी जाळतील."

ती भिंतीला टेकली. मग म्हणाली, "म्हणजे मी लिहिलंच नाही, असं झालं ना?"

जाताना उंबऱ्यावर थांबून ती हळूच म्हणाली, "मी दुसरी लिहायला घेतलीय. राहवत नाही." मी तिला थांब म्हणाले नाही, लिही असंही म्हणाले नाही.

संध्याकाळी हे परतले ते हुकूम घेऊनच. आम्ही झाशीला जाणारी गाडी धरली. ती इंग्रजांची हद्द. स्टेशनवर मंडळातलं कुणी आलं नाही. पानवाल्याकडचा तो माणूस मात्र गाडी हलेपर्यंत खांबाशी उभा होता.

झाशीच्या फलाटावर मुलांना वळकटीवर बसवलं. ह्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले, "आता सांग."

मी सांगितलं. तिचे ओठ, तिचं मागच्या दारानं येणं, दुसरी गोष्ट, सगळं सांगितलं. मला वाटलं, हे चिडतील, निदान कपाळाला हात लावतील. पण ते माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर मी कचेरीच्या दिवशीही न पाहिलेली भीती होती.

"आणि ती दुसरी," ते म्हणाले, "ती कोण वाचणार आता?"