पिवळ्या गोळ्यांचा वाटा

पोराच्या पोटाला हात लावण्याआधी डॉक्टर दोन्ही तळवे घासून गरम करायचे. "थंड हात लागला की पोर पोट आवळतं, कारकून. मग पाणथरी सापडायची कशी?" माझं नाव त्यांना ठाऊक होतं, पण हाक 'कारकून' अशीच.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधी मी भाईंदरला त्यांच्या हाताखाली होतो. हिवतापाने कुणाची पाणथरी, म्हणजे प्लीहा, किती सुजली ते डॉक्टर बोटांनी मोजत, मी वहीत लिहीत असे. खाडीकाठच्या एका पाड्याला नव्या पिवळ्या गोळ्या, दुसऱ्याला जुनं कोयनेल, म्हणजे क्विनीन. गुण कशाने येतो ते पाहायचं. या कामात त्या भल्या माणसाला जेवणाची शुद्ध नसे. माझीही उपासमार होई.

कोळणी पहाटेच मासळी घेऊन बाजाराला निघत, म्हणून आठवड्याच्या गोळ्या एकदम घरी देत असू. तिथेच आमचं चुकलं. एके दिवशी कोयनेलवाल्या पाड्यातल्या दोन पोरांचे तळवे पिवळे दिसले. या गोळ्यांनी कातडी पिवळी पडते. त्यांची मावशी पलीकडच्या, पिवळ्या गोळ्यांच्या पाड्यात राहायची. डॉक्टरांनी तिला विचारलं.

"आमचे घरान औषद हाय, भैनीचे घरान न्हाय. कसा चालंल? मासलीचा वाटा देतो, तसा दिला."

तिच्या स्वतःच्या मुलीच्या वाट्याला निम्म्याच गोळ्या आल्या होत्या. त्यानंतर चौथ्या दिवशी ती पोर हिवतापाने गेली.

डॉक्टर त्या घराच्या उंबऱ्यावर बसून राहिले. "बाई, चूक माझी. मी समोर बसून गिळवायला हवं होतं. तुझ्या मुलीचं नाव अहवालात लिहीन. ते वाचून पुढे सगळीकडे औषध समोर बसवून देतील."

मी शहाणपणा शिकवायला गेलो, "नाव गाळा, आकडे सरळ होतील." त्यांनी वही माझ्या हातातून घेतली आणि नाव स्वतः लिहिलं. मला अजून त्याची लाज वाटते.

अहवाल मुंबईला गेला. छापून आला तेव्हा मुलीची नोंद त्यात नव्हती. 'मात्रा अपुरी, म्हणून वगळली' एवढंच. डॉक्टरांनी तीन पत्रं लिहिली. उत्तरादाखल बदलीचा हुकूम आला.

डॉक्टर निघाले त्या सकाळी ती बाई टोपली घेऊन स्टेशनात उभी होती.

"दाक्तर, पोरीचा नाव लिवला ना?"

"लिहिलं."

"छापला?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मग तिला म्हणाले, "हो, छापलं."

ती समाधानाने बाजाराकडे वळली. गाडी हलली तरी डॉक्टरांनी मान वर केली नाही.