काचेतली गुलाबाई

सुरतेच्या लिंबायतमधल्या आमच्या भागात धुरपदाबाईंना सगळे गुलाबाईवाली म्हणत. धुळ्याकडून सुरतेला आल्या तेव्हा नवरा, लोटू, पॉवरलूमवर होता. तो वारल्यावर त्याच कारखान्यात त्या बॉबिन भरायला बसू लागल्या. बोलणं कमी. केसांत कायम सुताची कुसं. एक मुलगी, वर्षा, माझ्या हाताखाली सातवीपर्यंत शिकलेली.

भाद्रपदाच्या पौर्णिमेला धुरपदाबाई तापीकाठच्या मातीची गुलाबाई घडवायच्या. शेजारी गुलोजी, मांडीवर बाळ. लूमवरच्या कापडाच्या कातरणांचं लुगडं. गुलाबाई म्हणजे पार्वती, गुलोजी म्हणजे शंकर; ती महिनाभर माहेरी येते. गल्लीतल्या मुली संध्याकाळी जमून तिची गाणी म्हणायच्या, झाकलेल्या डब्यात कोणता खाऊ आहे ते ओळखायच्या. कोजागिरीला तिची ओटी भरायची आणि तिला पाण्यात सोडायचं, म्हणजे सासरी धाडायचं. धुरपदाबाई 'विसर्जन' हा शब्द वापरत नसत. 'बोळवण' म्हणत.

प्लेगनंतरच्या दुसऱ्या वर्षी, शहर झाडूनपुसून लख्ख झालं होतं तेव्हा, त्यांनी गुलाबाई नेहमीपेक्षा मोठी केली. वर्षाला सासरच्यांनी माहेरी आणून सोडलं होतं. लग्नाला तीन वर्षं होऊन मूल नाही, एवढाच गुन्हा. सासर कुठे लांब नव्हतं. शहरातच, बमरोलीत. जावई लखन पांडेसऱ्याच्या रंगाईच्या मिलमध्ये होता. त्याच्या आईनं निरोप दिला होता, "कोजागिरी व्हऊ द्या, मंग देखसूत." त्या 'देखसूत'वर, त्या 'बघू'वर, धुरपदाबाई जगत होत्या. गुलाबाई नीट सासरी गेली की वर्षाही जाईल, असा नवस त्यांनी बोलला होता.

पण त्या वर्षी मुलीच फिरकेनात. नवरात्र लागलं, मुली गरब्याला गेल्या. "बाई, माहेरले येल पोर," त्या मला म्हणाल्या, "आनि तिनासंगे बोलाले कोनी नही."

त्याच सुमारास एका ट्रस्टनं शहरात मुलांसाठी संग्रहालय उघडलं होतं. बाहुल्या, पतंग, भोवरे, निरनिराळ्या प्रांतांची खेळणी. तिथले व्यवस्थापक भूपेंद्रभाई जीप घेऊन वस्त्या पालथ्या घालत होते. ते गुलाबाईपुढे थबकले. पुढचं मला धुरपदाबाईंकडूनच कळलं. "बा, मने आपी दो," मूर्ती मागत भूपेंद्रभाई म्हणाले, "अमे राखीशुं, बहु साचवीने राखीशुं."

धुरपदाबाईंच्या बोलीत शेत राखतात, गुरं राखतात, शेजारणीचं लेकरू राखतात आणि मग ज्याचं त्याला परत देतात. गुजरातीत राखणं म्हणजे ठेवून घेणं. त्यांनी आपला अर्थ घेतला. तिथं शेकडो लेकरं येतात, गुलाबाईला सोबत होईल, म्हणून दिली. काचेच्या कपाटात ठेवलेली एकदा पाहूनही आल्या. "पोरी नाक लाईसन देखतीस काचले," सांगताना त्या चक्क हसल्या.

कोजागिरीला मधल्या सुटीत त्या शाळेत आल्या. ठेवणीतलं पातळ, हातात नारळ, तांदूळ, खण. "बाई, चाला. तुम्हले त्यास्नी भाषा येस."

भूपेंद्रभाई माणूस वाईट नव्हता. त्यानं खुर्ची दिली, चहा मागवला. मग आम्ही कशाला आलो ते ऐकून गडबडलाच.

"बा, पाणीमां नाखी देशो? आटली सरस वस्तु!"

"नाखत नही, भाऊ. बोळवतस."

"तो बीजी बनावी लो ने. तमने तो आवडे छे."

दुसरी करा, तुम्हाला करता येतेच, एवढं गुजराती धुरपदाबाईंना कळलं. "तुमनी पोर कोनी ठेवी लिधी, आनि म्हने दुसरी करी ल्या, तं?"

भूपेंद्रभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी शब्दन् शब्द गुजरातीत सांगितला. त्यांनी हात जोडले. वस्तू ट्रस्टची झाली, कपाटाची किल्ली ट्रस्टींकडे, ते परगावी. मी हुज्जत घातली, बदल्यात दुसरी मूर्ती करवून आणण्याचा शब्दही दिला. उपयोग झाला नाही.

"बरं, काच तरी उघाडा. ओटी भरी देस," धुरपदाबाई म्हणाल्या. तेही झालं नाही. त्यांनी काचेसमोर जमिनीवर खण पसरला, त्यावर तांदूळ ओतले, नारळ ठेवला. गाणं सुरू केलं तोच बाहेर शाळेची बस थांबली. पहारेकरी म्हणाला, "बा, जरा बाजू पर. छोकरां आवे छे." त्यांनी तांदूळ एकेक करून वेचले, खण गोळा केला आणि भिंतीला लागून उभ्या राहिल्या. मुलं गेली तेव्हा म्हणाल्या, "चाला."

काचेवर चिठ्ठी होती: रमकडुं, खानदेश. म्हणजे खेळणं. ती मी त्यांना वाचून दाखवली नाही.

दिवाळीनंतर लखननं दुसरी बायको आणली. बमरोलीतल्या कुणीतरी लग्नाचे पेढे आमच्या गल्लीतही वाटले. वर्षा आईशेजारी बॉबिन भरायला बसू लागली. धुरपदाबाईंनी व्याह्यांना एक वावगा शब्द काढला नाही. जो भेटेल त्याला सांगायच्या, "मीच तिले काचमा कोंडी. मन्हाच हातून व्हयनं."

होळीच्या आधी मी त्यांच्याकडे गेले होते, तेव्हाही त्यांनी तेच सुरू केलं. भाकरी थापता थापता वर्षा एकदम उसळली.

"माय, बस कर! त्या लोके येनारच नव्हतात. गुलाबाई समुंदरमा जाती तरी येनार नव्हतात. त्यास्ले मी नको व्हतू. तुले समजत कसं नही?"

तवा तापून धूर येत होता. धुरपदाबाईंनी मुलीकडे पाहिलं नाही. माझ्याकडे वळून अगदी हळू विचारलं, "बाई, पुढला साल तरी गुलाबाई देतीन का त्या?"

वर्षानं हातातली भाकरी परत पिठात टाकली आणि ती बाहेर ओट्यावर जाऊन बसली.