डबे मधात

“माह्या भाकरीले कोनी हात लावू नका.”

मनकर्णा हे बोलली तेव्हा अकरा बायका बोरीच्या झाडाखाली गोल करून बसल्या होत्या. साल दोन हजार सहा. तेल्हाऱ्यापासून तीन कोसांवरचं पंजाबरावांचं शेत, कापसाच्या पहिल्या वेचणीचा पहिला दिवस. सगळ्यांचे डबे मध्ये मांडलेले. एकच डबा मांडीवर राहिला होता, मनकर्णेचा. त्या डब्याकडे निघालेला हात टोळीची मुकादम जाईबाई हिचा होता. नव्या बाईच्या डब्यातला पहिला तुकडा मुकादमिणीनं मोडायचा, अशी त्या टोळीची रीत होती. हात अर्ध्या वाटेत थांबला, आणि जाईबाईनं तो सावकाश आपल्या मांडीवर आणून ठेवला.

मनकर्णेची भावजय वच्छला तेवढी पुटपुटली, “येडी हाय वं ते, जाईबाई. मनावर नोका घेऊ.”

“येडी नाही दिसत,” जाईबाई म्हणाली. “भाकर कोनाची आन हात कोनाचा, हे बराबर समजते तिले.”

मनकर्णेनं मान खाली घातली आणि जेवायला लागली. भाकरी, वर कोरडी शेंगदाण्याची चटणी. तुकडे एकसारखे मोडत होती, जणू मापून.

जाईबाईचं वय तेव्हा पन्नाशीच्या पुढं. छप्पन साली धम्मदीक्षेला ती बापाच्या खांद्यावर बसून नागपूरला गेली होती. त्यातलं तिला फक्त पांढऱ्या कपड्यांचा समुद्र आठवत होता. त्यानंतरचं एक मात्र लख्ख आठवत होतं. अकरा वर्षांची असताना, एका शेतावर, उन्हाच्या तलखीत तिनं मालकाच्या माठाला हात लावला. कोणी ओरडलं नाही, मारलं नाही. मालकिणीनं माठ उचलला आणि तिच्यासमोर बांधावर आपटून फोडला. पाणी भेगांत गेलं. त्या दिवशी ती पोर तहानलेली राहिली आणि पुढं मुकादम झाल्यावर तिनं टोळीला नेम घालून दिला. पाण्याची एक कॅन, एक गिलास, आणि जेवताना डबे मधात. टोळीत बौद्धवाड्यातल्या सात, माळ्याच्या तीन, तेल्याची एक. ज्या बाईला हे चालत नसेल तिनं दुसरी टोळी पाहावी. वीस वर्षांत तीन बायांना तिनं वाटेला लावलं होतं. मनकर्णा माळ्याची. म्हणजे चौथी.

पण हाकलायचं तर वेचणीच्या ऐन भरात हाकलता येत नाही. शिवाय त्या बाईचं काम पाहिलं आणि जाईबाईच्या तोंडातले शब्द तोंडातच राहिले. मनकर्णेच्या ओटीतल्या कापसात पानाचा चुरा नसे, किडक्या कापसाची कवडी नसे. बोंडाच्या पाकळ्या सुयांसारख्या टोचतात, बाकीच्यांची नखं रक्ताळायची. तिची बोटं बोंडात शिरून पाचही पाकळ्यांतला कापूस एका ओढीत बाहेर घेऊन यायची. एकच खोड होती. सकाळी दव असेपर्यंत ती वेचायची नाही. ओला कापूस वजनाला भरतो म्हणून बाया पहाटेच शेतात शिरायच्या. ही शेताच्या कडेला धुऱ्यावर हात बगलेत घालून बसलेली.

“पाटलीनबाई, चहा आनू काय?” टोळीतली मैनाबाई ओळीतून ओरडायची. बाया फिदीफिदी हसायच्या.

“चहा नाही पेत मी,” मनकर्णा गंभीरपणे सांगायची. मग तर हसू आवरायचंच नाही.

ती वर्षं अशी होती की शेतकऱ्यांच्या आत्महत्यांपायी आमच्या जिल्ह्यांची नावं रोज वर्तमानपत्रात यायची. मुंबईपुण्याच्या गाड्या धूळ उडवत यायच्या, कॅमेरे उतरायचे, आणि “तुम्हाला काय वाटतं?” असं विचारून उत्तर पुरं व्हायच्या आत निघून जायचे. एकदा त्यांनी मनकर्णेला गाठलं. “ताई, परिस्थितीबद्दल काय वाटतं तुम्हाला?” तिनं बराच विचार केला. “तुमची गाडी तुरीवर उभी हाय,” ती म्हणाली. त्या दिवशी जाईबाईला पहिल्यांदा तिच्यावर हसू आलं नाही, तिच्यासोबत आलं. पण हसू आलं म्हणून नेम सैल होत नाही.

जाईबाईच्या समजाला पहिली ठेच लागली ती गिलासानं. जाईबाई तोंड लावून पाणी प्याली, गिलास खाली ठेवला, आणि मनकर्णेनं तोच गिलास उचलला. विसळला नाही, पदरानं पुसला नाही. कॅनखाली धरला, भरला, तोंड लावून घटाघटा प्याली. जाईबाई पाहत राहिली. जातीचा विटाळ मानणारी बाई भाकरीला जपेल आणि गिलास सोडेल? तिच्या पन्नास वर्षांच्या अनुभवात असा विटाळ कुठं बसत नव्हता.

आठ दिवसांनी वच्छलेनं नणंदेची दया येऊन तिच्या भाकरीवर वांग्याची भाजी वाढली. आपल्याच घरची, आपल्याच हातची. मनकर्णा ताडकन उठली, भाकरी कुत्र्यापुढं टाकली आणि सूर्य मावळेपर्यंत उपाशी वेचत राहिली. वच्छला रडली. “चार महिन्यांत सासरहून आली ते याच्यानंच. सासू म्हने, माह्या हातचं खात नाही. आता भाऊ बी म्हन्ते, कुठी धाडू इले? या टोयीतून निंघाली त घरात ठेवनार नाही तो.”

जाईबाई सरळ मनकर्णेच्या ओळीत गेली.

“काहून वं? आमच्या हातचं चालत नाही तुले?”

“नाही.”

“आन भावजयीच्या?”

“तिच्या बी नाही. मायच्या बी चालत नोयतं.”

“मंग चालते तरी कोनाचं?”

“माहं.” बोंडातला कापूस काढत ती पुढं म्हणाली, “भाजीनं भाकर ओली होते. दुसऱ्याच्या हाताचा वास येते. गिळतच नाही घशातून. वकारी येते.”

“गिलासाले नाही येत?”

“गिलास स्टीलचा हाय.”

जाईबाईनं डोक्यावरचा पदर मागे सारला. मग तिनं तो माठ सांगितला. कसा फुटला, कसा आवाज झाला, तेव्हापासून ‘हात लावू नका’ हे शब्द कानावर पडले की तो आवाज कसा परत ऐकू येतो, ते सगळं. असं तिनं पोटच्या मुलीलाही इतक्या सरळ सांगितलं नव्हतं. मनकर्णेचे हात थांबले. तिनं वर पाहिलं नाही, पण हात थांबले होते.

“हे मले कोनी सांगतलं नाही,” ती म्हणाली.

“सांगा लागते काय? साऱ्याईले समजते.”

“मले नाही समजत. तुमी हासता तवा माह्यावर हासता का आपसात, थे बी नाही समजत. म्हनून मी दूर बसतो.” थोडं थांबून म्हणाली, “मले वाटलं, भाकरीचं तुमाले समजलं असन.”

दोघी एकाच ओळीत उभ्या होत्या. दोघींनाही वाटत होतं, आपलं न सांगता कळण्यासारखं आहे.

पुढच्या सोमवारी मनकर्णेनं न विचारता आपली ओळ बदलली आणि जाईबाईच्या डाव्या बाजूची धरली. दोन ओळींच्या मधली, जाईबाईच्या डाव्या हाताला येणारी बोंडं ती जाता जाता वेचून जाईबाईच्याच ओटीत टाकायला लागली.

“हे काय चालवलं?” जाईबाईनं दबक्या आवाजात विचारलं.

“तुमचा डावा हात मांगं पडून राहिला. आंगठा वळत नाही.”

जाईबाईनं डावा हात पदराखाली घेतला. ते दुखणं तिनं सगळ्यांपासून लपवलं होतं. ज्या मुकादमिणीचा हात चालत नाही तिच्या मागं बाया किती दिवस चालतील? “कोनाले सांगू नोको,” ती म्हणाली.

“बरं.”

मनकर्णेनं सांगितलं नाही. पण मैनाबाईनं जेव्हा विचारलं, “काहून वं, बाईच्या ओटीत तुह्या हातचा कापूस काहून?” तेव्हा तिला ‘उगाच’ म्हणता आलं नाही. ती म्हणाली, “सांगू नोको म्हनलं हाय.”

मैनाबाईला एवढं पुरलं. ती जाईबाईच्याच बौद्धवाड्यातली, तिच्याच वयाची, जिभेला हाड नसलेली. जेवायच्या वेळी तिनं आपला डबा मध्ये ठेवलाच नाही. “नेम काय फक्त आमाले? वीस वर्सांत तिघीईले हाकललं तुनं. आता हे येगळी बसते, येगळी खाते, आन तू तिले बाजूले घेऊन चालते. आमाले बी समजू दे ना. जात मोठी हाय म्हनून माफ हाय काय?”

जाईबाईला आयुष्यात कोणी असं बोललं नव्हतं. ते आपल्यातल्याच बाईनं बोलावं, आणि वरवर पाहता खरं दिसावं, हे तिला जास्त लागलं.

बाजाराच्या दिवशी काम नसायचं. त्या दिवशी जाईबाईच्या घरी बसून फैसला करायचं ठरलं. आदल्या दिवशी तिची मुलगी भावना अमरावतीहून सुट्टीवर आली. ती तिथल्या एका दवाखान्यात नर्स होती. आईनं सगळी हकिकत सांगितली. भावनानं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “आई, हा ऑटिझम असू शकते. मराठीत स्वमग्नता म्हनतात. आमाले शिकवलं होतं, अशा मानसाईले दुसऱ्याच्या मनातलं वळखू येत नाही.”

“बरं. आन आमाले तिच्या मनातलं वळखू आलं काय?”

भावनानं हातातली कपबशी खाली ठेवली.

“तिले सोडून दहा बाया होतो. एकीले बी नाही आलं. मंग आमाले काय म्हनतेत तुह्या पुस्तकात?”

पुस्तकात त्याला शब्द नव्हता. भावनानं तसं कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी बाया जमल्या. मैनाबाईनं आपली अट आल्या आल्या सांगून टाकली. जाईबाईनं आपल्या हातानं ताट वाढावं, आणि मनकर्णेनं सगळ्यांदेखत त्यातला एक घास खावा. बस्स. खाल्ला तर ती टोळीत राहील. नाहीतर बौद्धवाड्यातल्या बाकी पाचही जणी उद्यापासून मैनाबाईच्या मागं दुसऱ्या शेतावर.

बाकीच्यांनी माना डोलवल्या. अट वाजवी वाटत होती. जाईबाईलाही क्षणभर वाटली. तिनं गरम भात वाढला, त्यावर वरण ओतलं, आणि ताट मनकर्णेसमोर ठेवलं. मनकर्णा दाराजवळ भिंतीला टेकून बसली होती. भाताकडं पाहताच तिचे खांदे आखडले.

“खाल्लं त टोयीत ठेवसान?” तिनं विचारलं.

“ठेवू ना,” मैनाबाई म्हणाली. “आमी काय वैरी हावो तुह्या?”

मनकर्णेनं हात धुतला. घास कालवला. वरण बोटांतून मनगटाकडं ओघळलं तसे तिनं डोळे मिटले. घास उचलला तेव्हा शितं पदरावर सांडली. कपाळावर घाम. तोंड उघडलं, आणि घशातून आवाज आला, उलटीच्या आधी येतो तसा. तरी घास पुढंच येत होता. वच्छलेनं तोंड फिरवलं.

“ठेव तो घास,” जाईबाई म्हणाली.

मनकर्णेचा हात हवेतच थांबला.

“ठेव म्हन्तो ना खाली.” मग जाईबाई बायांकडं वळली. तिनं आपला डावा हात पुढं केला आणि मूठ वळून दाखवली. चार बोटं वळली. अंगठा ताठ राहिला, खुंटासारखा. “पाहून घ्या. दिवाळीपासून असाच हाय. मैना, तू माह्या बाजूच्या ओळीत असते. तुले दिसला?”

मैनाबाई त्या अंगठ्याकडं पाहत राहिली. “नाही वं बाई.”

“इले दिसला. मी सांगू नोको म्हनलं, म्हनून इनं तुह्या शिव्या खाल्ल्या पन सांगतलं नाही. जात पाहून मी कोनाले जवळ नाही केलं. माहा हात जाऊन राहिला, हे लपवत होतो मी. आता सांगतलं. मुकादम दुसरी करा लागते त करा.”

“आन नेम?” मैनाबाईचा आवाज खाली आला होता, पण ती सोडणारी नव्हती. “नेम त तुहाच हाय.”

“माहाच हाय. गिलासाचा नेम राहीन. ज्या बाईले आपला गिलास चालत नाही, ते या टोयीत नाही. भाकर ज्याची त्यानं कशी खावी, हे आता मी नाही सांगत. एका बाईले मी याच्यासाठी बसवलं काय, का आपलं अन्न तिच्या घशाखाली कसं उतरत नाही हे साऱ्याईनं पाहावं? लहानपनी माह्यापुढं माठ फोडला, तवा साऱ्या बाया अशाच गोल बसून पाहात होत्या.”

मैनाबाई गुडघ्यावर हात टेकून पुढं सरकली, ते ताट तिनं आपल्याकडं ओढलं आणि म्हणाली, “भात थंडा होऊन राहिला. मुकादम बदलाची गोष्ट बादमंधी करू. अन् तुह्या आंगठ्याले त्या भावनाच्या दवाखान्यात दाखव पहिले, लपवूबाई.”

दोघीतिघी हसल्या. मनकर्णेनं हसणाऱ्या तोंडांकडं एकेक करून पाहिलं, मग जाईबाईकडं. जाईबाईनं मान हलवून सांगितलं, “तुह्यावर नाही हासून राहिल्या. मले हासून राहिल्या.”

मनकर्णेनं कोपऱ्यातल्या बादलीशी जाऊन हात धुतला. बोटांच्या बेचक्या, मनगट, परत बोटं. कोणी घाई केली नाही. पदरावरची शितं वेचून तिनं ती दाराबाहेर चिमण्यांसाठी टाकली, पायात चपला सरकवल्या आणि “सकाळी दव गेल्यावर येतो,” म्हणून निघून गेली.