दोन दिवस लटकलेलं परमिट

जानराव उमाळे यांचा दिवस पावणेचारला सुरू व्हायचा. गजर त्यांनी कधी लावला नाही. पहिली पाळी सहाची, रुआबांध्यातल्या घरून सायकलनं वीस मिनिटांची वाट. पाचला उठले असते तरी भागलं असतं. पण चार ते सव्वापाच एवढा वेळ त्यांनी स्वतःच्या कामाला काढून ठेवला होता. तोंड धुवायचं, कॉम्प्युटरवरचं फडकं काढायचं आणि उजव्या हाताच्या एका बोटानं टाइप करत बसायचं.

ते दुर्गजवळच्या पोलाद कारखान्याच्या टाउनशिपमध्ये, बिजली विभागात केबल जोडायचे. जमिनीत दोन हात खोल गेलेली केबल तुटली की खड्डा खणायचा, खड्ड्यातच बसून तिचे थर एकेक करून सोलायचे, तारेला तार भिडवायची आणि वरून डबा बसवून पक्का करायचा. या कामात सव्वीस वर्षं गेली. कोणत्या सेक्टरमध्ये, कोणत्या खांबापासून किती पावलांवर जोड आहे ते त्यांनी वह्यांत लिहून ठेवलं होतं. अर्ध्या वह्या वाळवीनं खाल्ल्या तेव्हा कॅम्प-1 मधल्या भंगारवाल्याकडून त्यांनी मोडीत निघालेले दोन कॉम्प्युटर आणले. एक चालता केला, दुसरा पलंगाखाली सारला. वहीतलं वहीतून घेतलं. वाळवीनं खाल्लेलं, दर रविवारी जागेवर जाऊन, पावलं मोजून पुन्हा मिळवलं. चौदा महिन्यांत अठराशे बारा जोड टाइप झाले.

त्या कॉम्प्युटरची डिस्क म्हणजे एकच मोठी खोली होती. प्रोग्रामही तिथंच, जोडांची यादीही तिथंच. जानरावांना मध्ये भिंत हवी होती. यादी एका बाजूला सुरक्षित राहावी, दुसऱ्या बाजूला काहीही बिघडो. अरुणकुमार गोतमारे हा इथल्या मराठी लोकांच्या मंडळातल्याच एका क्लार्कचा मुलगा. पद्मनाभपुरात त्याचा कॉम्प्युटर क्लास होता. तो टाय लावून आला, खुर्चीवर बसला.

"पहिले नक्कल काढून घे बाबू," जानराव म्हणाले.

"जरूरत नाई काका. पाच मिनट का काम है."

पाच मिनिटांत भिंत उभी राहिली. भिंतीच्या दोन्ही बाजू रिकाम्या होत्या.

अरुणकुमारनं स्क्रीनकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "तुमचा डेटा पहिलेच खराब होता," म्हणाला आणि चहा न घेता निघाला. एवढ्यावर राहिलं असतं तर जानरावांनी शिव्या देऊन विषय सोडला असता. पण मंडळाच्या गणपतीत पोरगा रंगवून सांगत फिरला, की म्हाताऱ्यानं भलतंच बटन दाबलं आणि आता माझ्यावर ढकलून राहिला. लोक हसले. कामावरही गोष्ट पोचली. शामसुंदर हा जानरावांच्याच गँगचा माणूस. तो रोज सकाळी हजेरीला विचारायचा, "मिस्त्री, आज कोनता सेक्टर पुसाचा?"

यादी गेली ती गेली. आता जानरावांना एकच गोष्ट हवी होती. ती कोणी पुसली हे अरुणकुमारनं स्वतःच्या हातानं लिहावं, आणि जे हसले त्यांनी ते वाचावं.

हेच काम कधीतरी त्या पोराला अडणार, तेव्हा ते आपल्याला यायला हवं, म्हणून ते पुन्हा पावणेचारला उठू लागले. एका इंग्रजी पुस्तकाच्या झेरॉक्स केल्या, शेजारी शब्दकोश ठेवला. डिस्कमध्ये मुद्दाम कचरा भरायचा, मग एक अक्षर न गमावता तिच्यात भिंत घालायची. सतरा वेळा सगळं उडालं. सतराही वेळा कारण लिहून ठेवलं. डिस्कवरच्या फायली विखुरलेल्या असतात; त्या आधी पुढच्या बाजूला गोळा कराव्या लागतात. एखादी लपलेली फाइल अगदी शेवटच्या टोकाला चिकटून बसते. तिला हलवल्याशिवाय भिंत घातली की ती कापली जाते. अठराव्या वेळी भिंत बसली. एकोणिसाव्या आणि विसाव्या वेळीही बसली, तेव्हा त्यांनी पुस्तक मिटलं.

पलंगाखालचा कॉम्प्युटरही बाहेर आला. एका जागी ठेवलेलं दुसऱ्या जागीही असलंच पाहिजे, म्हणून तो स्वयंपाकघरात मांडला आणि मधून केबल ओढली.

"पिठाच्या डब्याजवळ कावून ठेवला तो?" कलावतीबाईंनी विचारलं.

"तुह्या पिठाची यादी करतो."

"करा. सांगत जा मग मले, दळन कवा संपते ते."

अडीच वर्षं अशी गेली. अठ्ठ्याण्णवच्या मार्चमध्ये, एका शुक्रवारी पाळीनंतर जानराव पाय धूत होते, तोच अंगणात अरुणकुमारची स्कूटर उभी राहिली.

त्याच्या क्लासात सोमवारी परीक्षा होती. चाळीस मुलं बसणार होती. परीक्षेच्या प्रोग्रामला मुख्य कॉम्प्युटरच्या डिस्कमध्ये वेगळा कप्पा लागत होता, आणि त्याच डिस्कवर मुलांचे फॉर्म, वर्षभराचं काम, सगळं होतं. वरून क्लासातले सहाही कॉम्प्युटर एकमेकांशी बोलायचे बंद झाले होते. दुर्गमधल्या दोघा दुरुस्तीवाल्यांनी सांगितलं होतं, कप्पा डिस्क पुसूनच मिळेल.

"सुना है तुमी न पुसता करता, काका."

"करतो."

"मग चला ना आत्ताच."

जानरावांनी हात पुसले, आत गेले आणि कार्बन घातलेलं एक पॅड घेऊन आले. बिजलीच्या कामात परमिटशिवाय कोणी केबलला हात लावत नाही. लाइन कोणी बंद केली, आधी तिच्यावर काय काम झालं, त्यात चूक कोणाची होती, हे सगळं लिहून सही होते. त्याची एक प्रत काम संपेपर्यंत जागेवर लटकत राहते, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता यावी म्हणून. जानरावांनी तसाच कागद हातानं आखून ठेवला होता. केव्हापासून, ते त्यांनी सांगितलं नाही.

"हे भर."

अरुणकुमारनं नाव, जागा, मशीन भरलं. चौथ्या रकान्यात त्याचा पेन थांबला. तिथं लिहिलं होतं: असंच काम यापूर्वी कोणी, कुठं केलं आणि काय झालं.

"याची क्या जरूरत, काका? पुरानी बात हाय."

"मले जरूरत हाय."

अरुणकुमारनं लिहिलं: ९५ साली उमाळे यांच्या घरी डेटा उडाला.

जानरावांनी वाचलं. "उडाला? पाखरू होतं का थे?"

"मग काय लिहू?"

"कोनं उडवला थे लिही."

"काका, बच्चा होतो मी तवा."

"टाय लावून आला होतास."

कलावतीबाई चहा घेऊन आल्या. दोघांकडे पाहून एकच कप ठेवला आणि तो जानरावांपुढे. अरुणकुमारनं ओळ खोडली. वर लिहिलं: नक्कल न घेता मी पुसला. उमाळे यांनी कोणतंही बटन दाबलं नव्हतं. खाली सही केली.

"तारीख," जानराव म्हणाले.

त्यानं तारीख घातली.

शनिवारी सकाळी सहाला क्लास उघडला. जानरावांनी आधी कागद खिळ्याला अडकवला, दरवाज्याच्या आतल्या बाजूला, डोळ्यांच्या उंचीवर. मग केबल पाहिली. पोरानं स्वस्तात टीव्हीची केबल ओढली होती, आणि तारेच्या दोन्ही टोकांना जे बूच लागतं ते एकाच टोकाला होतं. त्यांनी सगळी केबल काढून टाकली. बरोबर जातीची नवी मागवली, दहा टोकं स्वतः सोलली, प्रत्येक टोक दाबून, ओढून, मीटरनं तपासलं. दोन टोकं मनासारखी आली नाहीत. कापून पुन्हा केली. चारच्या सुमारास सहा मशीन बोलू लागली. मग मुख्य डिस्कची नक्कल दोन वेगवेगळ्या मशीनवर घेतली आणि फाइल न् फाइल ताडून पाहिली.

घाई केली असती तर शनिवारीच संपलं असतं. जानरावांनी घाई केली नाही. परीक्षेचे नंबर पाहायला मुलं येत होती, मुलांचे बाप येत होते, बहुतेक मंडळाचेच. दारात थांबत होते, वाचत होते, आत पाहत होते. शामसुंदरही पुतण्याला घेऊन आला. दोनदा वाचून म्हणाला, "मिस्त्री, मले त सांगाचं."

"तू इचारलं नाई. हसला."

दुपारी अरुणकुमार जवळ आला. "आता तरी काढा ना ते. लोक वाचून राहिले."

"काम चालू हाय तोवर परमिट लटकते."

"कब तक चालू राहीन?"

"होत नाई तोवर."

रविवारी विखुरलेल्या फायली गोळा करायला सुरुवात झाली. पडद्यावर चौकोन एकेक करून सरकत होते. साडेचार तास जानराव स्टुलावरून उठले नाहीत. लपलेली फाइल टोकालाच निघाली. तिला हलवून आणखी एक फेरी झाली. कापायची जागा त्यांनी तीनदा मोजली. संध्याकाळी साडेपाचला भिंत बसली. एका बाजूला सगळं होतं तसं, दुसरी बाजू रिकामी. त्यांनी अरुणकुमारला स्टुलावर बसवलं आणि चाळीसच्या चाळीस फॉर्म एकेक करून उघडायला लावले. मग खिळ्यावरचा कागद काढला. नियमच तो.

परीक्षा नीट झाली. पण महिना गेला नाही तोच पोराची जीभ सुटली. म्हाताऱ्यानं अडलेलं पाहून जबरदस्तीनं लिहून घेतलं, असं तो सांगू लागला. काहींना ते खरंही वाटलं असेल. जानरावांच्या कानावर आलं तेव्हा ते कांदा फोडत होते. फोडून झाल्यावर म्हणाले, "बरं."

पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले. फंडाचे पैसे हातात आले. जावयानं सांगितलं, नागपूरला प्लॉट घ्या. कलावतीबाईंनी विचारलं, घराला स्लॅब घालायचा का. जानराव दोन दिवस सायकलवर पद्मनाभपुरात फिरले आणि तिसऱ्या दिवशी गाळा घेऊन आले. गल्ली बारा पावलांची, त्यांनी मोजली होती. अलीकडे अरुणकुमारचा क्लास, पलीकडे जानरावांचा गाळा, दाराला दार. पाटीवर एवढंच लिहिलं होतं: जुने कॉम्प्युटर जोडून मिळतील. डिस्क न पुसता.

तीस वर्षं खड्ड्यात बसून मिळवलेली मजुरी त्या गाळ्यात गेली. जानरावांनी खुर्ची रस्त्याकडे तोंड करून ठेवली आणि सकाळी सहाला शटर वर केलं.