शेमसच्या गावची अकरा घरं

लेबनॉनमध्ये शांतिसेनेत मी हवालदार होतो. आमच्या बटालियनची हद्द आयरिश तुकडीला लागून होती. हद्दीवरच्या टेकडीवर दोघांची मिळून एक चौकी होती. तिथे माझ्या जोडीला कॉर्पोरल शेमस असायचा. काम एकच. समोरच्या गावातली घरं दुर्बिणीतून डावीकडून उजवीकडे बघायची आणि हालचाल रेडिओवर कळवायची. रिकाम्या वेळी शेमस त्याच पद्धतीनं स्वतःचं गाव सांगायचा. "चौकातून डावीकडे पहिलं घर लोहाराचं. दुसरं बदकं पाळणाऱ्या विधवेचं." अशी अकरा घरं. अकरावं त्याचं. मला सगळी तोंडपाठ झाली होती.

त्या दिवशी १४.१० ला शेलिंग थांबलं. खालच्या टँकरवरून पाण्याचे कॅन आणायची पाळी माझी होती.

"तू बस. मी जातो," शेमस म्हणाला.

मी बसलो. १४.२५ ला आणखी एक शेल पडला. रेडिओवर मी तीनदा हाक मारली. "शेमस, रिपोर्ट, ओव्हर." उत्तर आलं नाही.

पाळी माझी होती, हे मी रिपोर्टात लिहिलं नाही. कुणी विचारलंही नाही.

यंदा आयर्लंडमध्ये कासलबारला मुलीकडे आलो. शेमसचं गाव तिथून गाडीनं अर्ध्या तासावर. घरच्यांना खरं सांगायचं आणि माफी मागायची, एवढं ठरवून निघालो. ११.०० ला चौकात उतरलो. अकराऐवजी तीनच घरं. बाकी दगड आणि झुडपं.

"बाबा, मॅपवर हेच गाव आहे, हंड्रेड पर्सेंट," मुलगी म्हणाली.

नकाशे वाचण्यात हयात गेली, पण डोकं चालेना. गाव चुकलं, की शेमस थापा मारत होता?

शेवटच्या घराचं दार त्याच्या बहिणीनं, नोरानं उघडलं. लेबनॉनला शेमसबरोबर चौकीवर होतो, असं सांगून मी बाकीच्या घरांचं विचारलं. चहा ठेवता ठेवता तिनं सांगितलं, "ती घरं आमच्या जन्माआधीच ओस पडली. माणसं अमेरिकेला गेली. आजोबा येता-जाता प्रत्येक पडक्या घरातल्या माणसांच्या गोष्टी सांगायचे. शेमसला वाटायचं, ती आत आहेतच."

शेलिंगमध्ये कधी बसली नव्हती, पण त्या स्वयंपाकघरात माझी पाचावर धारण बसली. तरी बोललो. "पाण्याची पाळी माझी होती. तो माझ्याऐवजी गेला."

"शेमस? पाणी आणायला? आपणहून?"

"हो."

"घरी विहिरीवरून एक बादली आणली नाही त्यानं. सगळं मीच आणायचे." ती हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. माफी मिळाली की नाही, मला कळेना. मग म्हणाली, "आईनं हे ऐकायला हवं होतं. ती गेल्या हिवाळ्यात गेली."

इतकी वर्षं मी स्वतःचा गुन्हा लपवत होतो. त्यात त्या माउलीच्या लेकाचा चांगुलपणाही दडवला जातोय, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. फार वाईट वाटलं.

नोरा आम्हाला चर्चमागच्या दफनभूमीत घेऊन गेली. आई शेमसच्या शेजारीच आहे.

"सांगा तिला," नोरा म्हणाली.

मी सावधान उभा राहिलो. इंग्रजी सुचेना. शेवटी मराठीतच सांगितलं, की बाई, तुमचा शेमस पाणी आणायला गेला होता.