ओट्याचा दगड आणि लिंबाची फोड

ओट्याचे दगड विकतात त्या वखारीत पुरुषमाणसं लांब उभी राहून, मान तिरपी करून बघतात, चित्रांच्या प्रदर्शनात आल्यासारखी. नव्या स्वयंपाकघरासाठी आम्हीही काल तिथे गेलो होतो. शेजारी एक बाई नवऱ्याबरोबर पांढऱ्याशुभ्र संगमरवरापुढे उभ्या होत्या. त्यांनी पर्समधून छोटी डबी काढली, डबीतून लिंबाची फोड घेतली आणि सरळ त्या दगडावर चोळली.

"अहो ताई, काय करताय!" दुकानदार फडकं घेऊन धावला. "डाग पडेल ना!"

"मग घरी लिंबू कुठे चिरायचं?" त्यांनी विचारलं.

नवरा ओशाळं हसला. "हाच द्या हो. ती घेईल सांभाळून."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हळदीपासून, चिंचेपासून, आमसुलापासून त्या बाईंनी आता दगड सांभाळायचा! टिकाऊ म्हणून दगड घ्यायचा आणि मग तान्ह्या बाळासारखा जपायचा. पाहुणे दारातूनच "वा!" म्हणून जातील, कोशिंबिरीवर लिंबू पिळताना हात आखडेल तो या बाईंचा. ज्यानं जन्मात कधी ओटा पुसला नाही, त्याला ओट्याचा रंग बरा सुचतो!

बाईंनी फोड परत डबीत ठेवली.

"अगं, इकडे ये," पलीकडून माझ्या नवऱ्यानं हाक मारली. तोही एका पांढऱ्या दगडापुढे मान तिरपी करून उभा होता. "हा बघ, किती शोभेल!"

मी त्या बाईंपुढे हात केला. "ती फोड देता का जरा?"